एक्सटर्नल हार्ड डिस्क पीसीच्या आत बसवायचीय? डबी उघडण्याआधी हे वाचा

हा प्रश्न मला महिन्यातून एकदा तरी येतो, बहुतेक वेळा व्हॉट्सॲपवर आणि फोटोसकट. "घरात १ टीबीची एक्सटर्नल पडून आहे, पीसीत जागा संपलीय. हीच फोडून आत बसवली तर चालेल ना?" फोटोत ती काळी डबी आणि शेजारी स्क्रू-ड्रायव्हर. म्हणजे निर्णय झालेला असतो, फक्त कोणीतरी "हो" म्हणायचं बाकी असतं.

थोडक्यात उत्तर असं: काही डिस्क आत बसतात, काही बसूच शकत नाहीत, आणि काही बसतात पण आतला डेटा दिसेनासा होतो. आपली डिस्क यातली कुठली, हे डबी न उघडताही बरंचसं कळतं. आणि ज्या स्पीडसाठी हा सगळा खटाटोप चालू असतो, तो बहुतेकदा मिळतच नाही. आधी तेच बघू. ते कळलं की निम्म्या लोकांचा स्क्रू-ड्रायव्हर आपोआप खाली जातो.

स्पीडचं गणित

समज असा असतो की यूएसबीची केबल म्हणजे बारीक नळी. डिस्क आत बसवून थेट मदरबोर्डला जोडली की धो-धो स्पीड येणार. आता आकडे बघा. खिशात मावणाऱ्या पोर्टेबल डिस्कच्या आत अडीच इंची डिस्क असते. एखादी मोठी फाइल कॉपी करताना ती सेकंदाला साधारण १०० ते १३० एमबी देते. यूएसबी ३.० मधून प्रत्यक्षात सेकंदाला ४०० एमबीच्या आसपास जाऊ शकतात, आणि पीसीच्या आतल्या साटा केबलमधून साधारण ५५०. म्हणजे दोन्ही रस्ते डिस्कपेक्षा कितीतरी रुंद आहेत. गाडीच हळू असेल तर रस्ता रुंद करून काय उपयोग?

एक अपवाद आहे. तुमचा पीसी जुना असेल आणि त्यात फक्त यूएसबी २.० असेल, तर सेकंदाला ३५-४० एमबीच्या वर काही मिळत नाही. तिथे डिस्क आत बसवली तर खरोखर फरक पडतो. पण आधी एवढं बघा की तुम्ही डिस्क चुकून काळ्या जिभेच्या जुन्या पोर्टमध्ये तर लावत नाही ना. बऱ्याच पीसींमध्ये ३.० च्या पोर्टची जीभ निळी असते. पोर्ट बदलून काम झालं तर काहीच फोडायला नको.

विंडोज, गेम आणि ॲप या डिस्कवर टाकायचे असतील तर गोष्ट आणखी वेगळी. अशा डिस्कची तबकडी बहुतेक करून मिनिटाला ५४०० फेरे फिरते, म्हणजे सेकंदाला ९०. एका फेऱ्याला ११ मिलिसेकंद लागतात. हवी ती जागा सुईखाली यायला सरासरी अर्धा फेरा धरा, वर सुई योग्य पट्टीवर जायला १०-१२ मिलिसेकंद. म्हणजे एका सेकंदात वेगवेगळ्या ठिकाणच्या जेमतेम ५०-६० गोष्टी वाचता येतात. एसएसडीला फिरायचंच नसल्यामुळे तिथे हाच आकडा हजारोंत जातो.

डबेवाल्याचं उदाहरण घ्या. एकाच इमारतीत ४० डबे द्यायचे असतील तर काम पटकन होतं. पण एक डबा गिरगावात, पुढचा लालबागला, तिसरा परत गिरगावात, चौथा दादरला असं ठरलं तर? माणूस तोच, डबेही तेवढेच, पण सगळा दिवस रस्त्यात जाणार. विंडोज सुरू होताना हजारो लहान फाइली अशाच इकडून तिकडून वाचल्या जातात. म्हणून फिरणाऱ्या डिस्कवर विंडोज रखडतं. ती डिस्क केबलच्या बाहेरच्या टोकाला असो की कॅबिनेटच्या आत, रखडण्यात फरक नाही.

नव्या पोर्टेबल डिस्कमध्ये अजून एक भानगड आहे. कमी जागेत जास्त टीबी बसवण्यासाठी बऱ्याच डिस्क एसएमआर पद्धतीच्या बनतात. त्यात डेटाच्या पट्ट्या कौलांसारख्या एकमेकींवर थोड्या चढवलेल्या असतात. कौलारू छपरातलं मधलं एक कौल बदलायचं तर वरची चार उचलावी लागतात ना, तसंच इथे. एकदा फोटो भरून ठेवले आणि नंतर फक्त बघितले, तर त्रास नाही. पण विंडोजसारखं सतत काहीतरी लिहिणारं आणि बदलणारं काम दिलं की डिस्क धापा टाकते.

तर मग लोक डबी फोडतात कशाला?

पैशासाठी. ऐकायला विचित्र वाटेल, पण कित्येकदा डबीतली डिस्क सुट्या डिस्कपेक्षा स्वस्त मिळते. २०११ मध्ये थायलंडला मोठा पूर आला. तिथले हार्ड डिस्कचे कारखाने पाण्याखाली गेले आणि जगभर सुट्या डिस्कच्या किमती भडकल्या. बॅकब्लेझ नावाची अमेरिकी कंपनी ऑनलाइन बॅकअपची सेवा देते, तिला रोज नव्या डिस्क लागत होत्या. तिने दुकानांत किरकोळ विकल्या जाणाऱ्या एक्सटर्नल डिस्क उचलायला सुरुवात केली. कर्मचारी, त्यांचे घरचे, मित्र असे सगळे दुकानं पालथी घालत होते. डबी उघडायची, आतली डिस्क काढायची आणि सर्व्हरमध्ये लावायची. पुढे कंपनीने ही गोष्ट स्वतःच जगाला सांगितली. इंग्रजीत या उद्योगाला कणीस सोलण्यावरून नाव पडलंय. मीही त्याला डिस्क सोलणं म्हणतो.

पण एक फरक लक्षात घ्या. त्यांनी सोललेल्या डिस्क कोऱ्या होत्या. तुमच्या डिस्कवर दहावीच्या सेंड-ऑफपासून ताईच्या लग्नापर्यंत सगळं आहे.

डबीच्या आत नेमकं काय असतं

अ‍ॅडॉप्टर लावावा लागतो ती जाडजूड टेबलावरची एक्सटर्नल डिस्क घ्या. तिच्या आत साडेतीन इंची साधी साटा डिस्क असते. तिला १२ व्होल्ट लागतात, जे यूएसबीतून मिळत नाहीत, म्हणून तो अ‍ॅडॉप्टर. डिस्क आणि यूएसबी यांच्यामध्ये एक छोटी पट्टी असते, तिला ब्रिज बोर्ड म्हणतात. ही पट्टी म्हणजे दुभाषी: एका बाजूला साटा बोलते, दुसऱ्या बाजूला यूएसबी. पट्टी काढली की डिस्क डेस्कटॉपमध्ये बसायला मोकळी.

पोर्टेबल डिस्कमध्ये मात्र दोन जाती आहेत. एका जातीत वरच्यासारखीच पट्टी असते, हलकेच ओढली की निघते. सीगेटच्या पोर्टेबल डिस्क बहुतेक या जातीच्या. दुसऱ्या जातीत पट्टीच नसते. यूएसबीचं तोंड डिस्कच्या स्वतःच्या सर्किटवरच सोल्डर केलेलं असतं, साटाचं तोंड कुठेच नाही. वेस्टर्न डिजिटलच्या माय पासपोर्ट आणि एलिमेंट्स या पोर्टेबल डिस्क गेली कित्येक वर्षं बहुतांशी अशाच येतात. ही फोडली तर हातात एक उघडी, नाजूक डिस्क उरते आणि तिला लावायची केबल तीच जुनी, यूएसबीची. पीसीच्या आत ती बसवायचीच कशी?

हे न उघडता ओळखायचं असेल तर क्रिस्टलडिस्कइन्फो हे फुकट ॲप पीसीवर टाका. त्यात डिस्कचा मॉडेल नंबर दिसतो. डबीवर छापलेला नाही, आतल्या डिस्कचा. तो नंबर गूगलच्या इमेजमध्ये शोधा आणि डिस्कच्या कडेचा फोटो बघा. लांब आणि चपटं, एल आकाराच्या खाचांचं तोंड दिसलं तर साटा. छोटं, मध्येच दुभागलेलं तोंड दिसलं तर यूएसबी, विषय संपला. दोन मिनिटांचं काम आहे. आणि त्याच ॲपमध्ये डिस्कची तब्येतही दिसते. ती "गुड" सोडून दुसरं काही दाखवत असेल, तर बसवायचा विचार सोडा आणि आधी डेटा बाहेर काढा.

बसली, चालू झाली, पण डेटा गायब

हा भाग नीट वाचा. लोकांचे फोटो जातात ते इथे.

पहिलं कारण एन्क्रिप्शन. काही एक्सटर्नल डिस्कमध्ये ब्रिजवरची चिप जाता जाता सगळा डेटा कुलूपबंद करत असते. वेस्टर्न डिजिटलच्या माय बुक मालिकेतल्या बऱ्याच डिस्क अशा आहेत. तुम्ही पासवर्ड ठेवलेला नसला तरी हे चालूच असतं, तुम्हाला पत्ताही नसतो. त्या पट्टीशिवाय डिस्क लावली की पीसीला नुसती खिचडी दिसते.

दुसरं कारण सेक्टरचं. डिस्कवरची जागा छोट्या कप्प्यांत मोजली जाते. पूर्वीपासून एक कप्पा ५१२ बाइटचा. विंडोज एक्सपीच्या काळातली एमबीआर ही पद्धत जास्तीत जास्त ४२९ कोटी कप्पे मोजू शकते. गुणाकार केला तर साधारण २.२ टीबी. मग ३ टीबीची डिस्क विकायची कशी? कंपन्यांनी युक्ती केली. ब्रिज बोर्डने पीसीला सांगायचं की माझा कप्पा ५१२ चा नाही, ४०९६ चा आहे. कप्पा आठपट मोठा, त्यामुळे मर्यादाही आठपट. पट्टी काढली की तीच डिस्क परत ५१२ ची भाषा बोलू लागते, आणि "पाचव्या कप्प्यात फोटो आहेत" हा जुना पत्ता भलत्याच ठिकाणी नेतो. डेटा जागेवर आहे, फक्त पत्ते चुकलेत.

दोन्ही वेळी विंडोज एक खिडकी उघडतं: डिस्क इनिशियलाइझ करा. किंवा म्हणतं, फॉरमॅट करा. इथे कॅन्सल. डोळे झाकून कॅन्सल. ओके दाबलंत तर विंडोज त्यावर स्वतःचे नवे पत्ते लिहून ठेवेल. पीसी बंद करा, डिस्क काढा, तिच्या जुन्या पट्टीला लावा आणि यूएसबीतून जोडा. बहुतेक वेळा सगळं जसंच्या तसं दिसतं. म्हणूनच ती बोटभर पट्टी फेकायची नाही. पाकिटात घाला, वर डिस्कचं नाव लिहा.

लालबागची २ टीबी

लालबागला माझा एक मित्र राहतो, चाळीतल्या मंडळाचा कार्यकर्ता. मूर्ती, डेकोरेशन, आगमन, विसर्जन, अनेक वर्षांचं सगळं शूटिंग त्याच्या एका २ टीबी पोर्टेबल डिस्कवर. दुसरी कॉपी कुठेही नाही. वापरून वापरून केबलचं तोंड सैल झालं होतं, जरा धक्का लागला की डिस्क गायब. त्याचा विचार सरळ होता: आत बसवू, म्हणजे केबलची कटकटच नको. डबीच्या कडेला नख लावून तो तयारच होता.

मी त्याला आधी मॉडेल नंबर बघायला लावला. तोंड सर्किटवर सोल्डर केलेलं होतं. म्हणजे डबी फोडून काही साधणार नव्हतं, उलट ओढाताणीत ते सैल तोंड उखडलं असतं तर प्रकरण थेट डेटा रिकव्हरीवाल्याकडे गेलं असतं. तिथे यूएसबीचं सर्किट काढून साटाचं लावतात, जुन्या सर्किटवरची त्या डिस्कची खास माहिती नव्यावर हलवतात. हे घरगुती काम नाही, आणि स्वस्त तर अजिबात नाही.

आम्ही डिस्क टेबलावर सपाट ठेवली, केबल न हलेल अशी चिकटपट्टीने बसवली, दुसरी डिस्क जोडली आणि कॉपी लावली. १.४ टीबी डेटा होता. सेकंदाला १०० एमबीने हिशेब केला तर चार तास. पण हजारो छोट्या फोटोंमुळे सहा तासांच्या वर गेले. तेवढा वेळ टेबलाजवळ कोणाला फिरकू दिलं नाही, त्याच्या आईलासुद्धा झाडू मारताना तेवढा कोपरा सोडायला सांगितला. सगळं उतरलं. आता पीसीत एक छोटी एसएसडी आणि एक सुटी साडेतीन इंची डिस्क आहे, आणि ती जुनी पोर्टेबल कपाटात पडून आहे.

त्याची डिस्क दुसऱ्या जातीची, म्हणजे पट्टीवाली असती, तर गोष्ट सोपी होती. सैल तोंड पट्टीवर असतं. पट्टी काढायची, साटाला साधी केबल लावायची, झालं.

बसवायचीच असेल तर

सगळं तपासलं, डिस्क साटाची आहे, आणि डेटाची दुसरी कॉपी दुसरीकडे आहे. ठीक, मग बसवा. कॉपी करून झाल्यावर चार-पाच फाइली उघडून बघा, नुसता आकडा जुळला म्हणून समाधान मानू नका. डबी उघडली की वॉरंटी गेली असं समजून चाला. डबी बहुतेक वेळा स्क्रूवर नसते, प्लास्टिकच्या खटक्यांवर असते. जुनं एटीएम कार्ड कडेत सरकवत फिरवलं की खटके सुटतात. स्क्रू-ड्रायव्हर खुपसायची गरज नाही.

डेस्कटॉपमध्ये दोन केबल लागतात, एक एसएमपीएसकडून येणारी पॉवरची आणि एक मदरबोर्डकडून येणारी डेटाची. काही मदरबोर्डवर एम डॉट टू स्लॉटमध्ये एसएसडी लावली की एखादा साटा पोर्ट बंद होतो. डिस्क दिसली नाही तर घाबरण्याआधी पोर्ट बदलून बघा. मोठ्या, ८ टीबीच्या वगैरे डबीतून काढलेली डिस्क कधी कधी फिरतच नाही. नव्या साटा नियमांत पॉवरच्या तिसऱ्या पिनवर वीज आली तर डिस्क बंद ठेवायची अशी सोय आहे, ती डेटा सेंटरवाल्यांसाठी. जुन्या एसएमपीएसमध्ये त्याच पिनवर ३.३ व्होल्ट येत असतात. बिचारी डिस्क बंद राहते आणि आपण ती मेली समजतो. त्या पिनवर उष्णता सोसणाऱ्या कॅप्टन टेपचा बारीक तुकडा लावतात, की चालू.

लॅपटॉपवाल्यांनी आधी जाडी मोजा. लॅपटॉपच्या कप्प्यात ७ किंवा ९.५ मिलिमीटरची डिस्क मावते. ४-५ टीबीच्या पोर्टेबलमधली डिस्क बऱ्याचदा १५ मिलिमीटरची निघते, ती काही केल्या जाणार नाही. नव्या पातळ लॅपटॉपमध्ये तर अडीच इंची कप्पाच नसतो. जुन्यात डीव्हीडी ड्राइव्ह असेल तर ती काढून तिथे कॅडी लावता येते, पण कॅडीही ९.५ आणि १२.७ अशा दोन जाडीत येते. माप घेऊनच दुकानात जा.

दुकान म्हणजे अर्थातच लॅमिंग्टन रोड. पाटीवर डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग असलं तरी बोलण्यात लॅमिंग्टनच. ग्रँट रोड स्टेशनला पूर्वेकडे उतरा, गिरगावात राहत असाल तर चालत ऑपेरा हाउसवरून. परळवाल्यांनी प्रभादेवीहून वेस्टर्नची गाडी पकडावी. साटा केबल, कॅडी, रिकामी डबी, सगळं तिथे मिळतं. रविवारी जाऊ नका, बहुतेक शटर खाली असतात.

न फोडता आतल्यासारखी वापरायची तर

मी स्वतः बहुतेकांना हेच सांगतो. डिस्क पीसीच्या मागच्या पोर्टमध्ये लावा, समोरच्या नको, तिथे पाय आणि पिशव्या लागतात. विंडोजच्या डिस्क मॅनेजमेंटमध्ये जाऊन तिला एक कायमचं अक्षर द्या, डी किंवा ई नको, एम वगैरे, म्हणजे पेनड्राइव्ह लावला तरी गोंधळ होणार नाही. तिथेच डिस्कला अक्षराऐवजी एखादं रिकामं फोल्डर म्हणूनही जोडता येतं. सी ड्राइव्हमध्ये "फोटो" फोल्डर दिसेल, पण आतलं सगळं बाहेरच्या डिस्कवर. डॉक्युमेंट्स, व्हिडिओ, स्टीमचे गेम, सगळं तिकडे हलवता येतं.

विंडोज मात्र तिच्यावर टाकायला जाऊ नका. साधा सेटअप यूएसबी डिस्क बघून नकारच देतो. विंडोज टू गो नावाची सोय २०१२ मध्ये आली होती, मायक्रोसॉफ्टने ती २०२० मध्ये काढून टाकली. रूफस वापरून आजही जमतं, पण वर डबेवाल्याचं गणित वाचलंत ना, तेच भोगावं लागेल. लिनक्स शिकण्यापुरतं ठीक आहे.

अ‍ॅडॉप्टरवाली मोठी डिस्क लॅपटॉपला कायम जोडलेली असेल तर वीज गेल्यावर लॅपटॉप बॅटरीवर चालत राहतो आणि डिस्क मात्र जागच्या जागी बंद. चालू कॉपीत केबल उपटल्यासारखंच. आपल्याकडे वीज जात नाही म्हणता? १२ ऑक्टोबर २०२० ला सकाळी ग्रिड बंद पडून अख्खी मुंबई बसली होती.

आता शेवटचा हिशेब, जो कोणी विचारत नाही. बाहेर होती तोवर ती डिस्क तुमची बॅकअप होती. पीसी बिघडला तरी ती कपाटात सुखरूप, आणि कधी गावी नेता येत होती, कधी ओटीजी लावून फोनला जोडता येत होती. आत बसवलीत की तिचा एसएमपीएस तोच, कॅबिनेट तेच, चोर तोच आणि पाणीही तेच. हिंदमाताजवळ तळमजल्यावर राहणाऱ्यांना पाण्याचं वेगळं सांगायला नको. तिथे कॅबिनेट जमिनीवर असतं आणि जुलै दरवर्षी येतो.

त्यामुळे पैसे थोडेच असतील तर मी उलटं काम सुचवतो. पीसी किंवा लॅपटॉपमध्ये छोटी एसएसडी टाका, विंडोज तिच्यावर. आतून निघालेली जुनी अडीच इंची डिस्क लॅमिंग्टनहून आणलेल्या रिकाम्या डबीत घाला. हातात दोन एक्सटर्नल झाल्या. एकीवर फोटो, दुसरीवर त्याच फोटोंची कॉपी, आणि ती दुसरी मामाच्या घरी दादरला.